वॉलपेपर वारंवार काळा पडतो, धूसर दिसतो किंवा जुनाच परत येतो: कारणं आणि इलाज (विंडोज १० आणि ११)

लावलेला वॉलपेपर टिकावा आणि आहे तसा दिसावा, एवढीच अपेक्षा असते. तरी काही कॉम्प्युटरवर तो रीस्टार्टनंतर काळा पडतो. काहींवर मूळ फोटो स्वच्छ असूनही डेस्कटॉपवर तो पिचलेला दिसतो. काहींवर दुसऱ्या दिवशी भलताच फोटो येऊन बसतो. थीम बनवून मित्राला पाठवली तर त्याच्याकडे नुसता रंग पोचतो, चित्रं पोचत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण तोच फोटो पुन्हा लावतात. त्याने तेवढ्यापुरती सोय होते, पण दुखणं जात नाही.

या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डेस्कटॉपवर दिसतं ते तुमचं मूळ चित्र नसतं. विंडोज त्या चित्राची स्वतःसाठी एक वेगळी प्रत बनवतं आणि ती दाखवतं. मूळ फाइलचा फक्त पत्ता लिहून ठेवतं. प्रत बिघडली आहे, पत्ता चुकला आहे, की तिसऱ्याच कुणी प्रत बदलली आहे, हे आधी शोधा. ते कळलं की पुढचं काम सहसा पाच मिनिटांचं असतं.

आधी ती प्रत उघडून पाहा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या रन खिडकीत ‘%ॲपडेटा%’ हे इंग्रजी अक्षरांत, दोन्ही बाजूंच्या टक्केचिन्हांसह टाइप करून एंटर मारा. तिथून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग थीम्स या फोल्डरमध्ये जा. तिथे ‘ट्रान्सकोडेडवॉलपेपर’ नावाची फाइल असते. तिला एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा फाइलचा प्रकार) नसतं, म्हणून डबल-क्लिक केलं तरी ती उघडत नाही. शेजारी ‘कॅशेडफाइल्स’ नावाचा फोल्डरही दिसेल. त्यात स्क्रीनच्या मापाला बसवलेली चित्रं असतात आणि त्यांच्या नावातच १९२०, १०८० असे आकडे असतात. दोन मॉनिटर असतील तर ‘ट्रान्सकोडेड_०००’, ‘ट्रान्सकोडेड_००१’ अशा नावाच्या फाइलीही सापडतात.

ट्रान्सकोडेडवॉलपेपर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीच्या नावाच्या शेवटी टिंब आणि जेपीजी लावून ती पेंटमध्ये उघडा. आता चार शक्यता आहेत.

प्रत व्यवस्थित दिसते पण स्क्रीन काळी आहे, म्हणजे चित्र दाखवणंच कुठल्यातरी सेटिंगने बंद केलंय. प्रत उघडतच नाही किंवा शून्य केबीची आहे, म्हणजे कॅश, अर्थात विंडोजने साठवलेली प्रत, बिघडली. प्रत उघडते पण धूसर आहे, म्हणजे दोष आकुंचनाचा (फाइल दाबून लहान करण्याचा) किंवा मूळ फोटोचा. त्या प्रतीमध्ये तुम्ही लावलेलं चित्रच नसेल, तर बदल करणारा दुसराच कुणी आहे. त्यासाठी थेट ‘आपोआप बदलणारा वॉलपेपर’ हा भाग वाचा.

काळी स्क्रीन

प्रत ठीक असेल तर पहिला संशय ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगवर घ्या. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज → ईझ ऑफ ॲक्सेस → डिस्प्ले इथे ‘शो डेस्कटॉप बॅकग्राउंड इमेज’ असं बटण आहे, ते चालू हवं. विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनल → ईझ ऑफ ॲक्सेस सेंटर → ‘मेक द कॉम्प्युटर ईझिअर टू सी’ या पानावर अगदी खाली ‘रिमूव्ह बॅकग्राउंड इमेजेस’ असा चौकोन असतो. त्यातली खूण काढा, अप्लाय दाबा. कॉम्प्युटरचा वेग वाढवून देणारी काही फुकट सॉफ्टवेअरं हा चौकोन परस्पर चालू करतात, आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. ते सॉफ्टवेअर काढून टाकल्याशिवाय खूण परत परत येत राहील. कॉन्ट्रास्ट थीम (कमी दिसणाऱ्यांसाठीची ठळक रंगांची थीम) चालू असली तरी पार्श्वभूमी सपाट रंगाची होते. डाव्या बाजूची ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा चुकून एकत्र दाबल्या गेल्या की ही थीम चालू करण्याचा प्रश्न समोर येतो, आणि घाईत ‘येस’ दाबलं जातं. त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या की ती बंद होते.

प्रतच खराब असेल तर कॅश साफ करा:

१. वर सांगितलेल्या थीम्स फोल्डरमधून ट्रान्सकोडेडवॉलपेपर डिलीट करा आणि कॅशेडफाइल्समधलं सगळं रिकामं करा. ट्रान्सकोडेड_००० सारख्या फाइली असतील तर त्याही काढा.
२. तिथे ‘स्लाइडशो’ नावाची आयएनआय फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा, आतला मजकूर पुसा आणि सेव्ह करा.
३. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा आणि त्यावर राइट-क्लिक करून रीस्टार्ट द्या. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येईल, त्याने घाबरू नका.
४. आता वॉलपेपर नव्याने लावा.

एवढं करूनही काही दिवसांनी स्क्रीन पुन्हा काळी पडली, तर मूळ फाइल कुठे ठेवली आहे ते पाहा. एकच फोटो लावला असेल तर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर असून ड्राइव्ह काढला तरी लगेच काही बिघडत नाही, कारण प्रत आत असते. पण मॉनिटर बदलला, रिझोल्युशन बदललं किंवा थीम परत लावली गेली की विंडोज मूळ फाइल शोधायला जातं, ती सापडत नाही आणि काळा पडदा येतो. म्हणून कधी चालतं आणि कधी चालत नाही असं वाटत राहतं. स्लाइडशोचं गणित वेगळं आहे. तो प्रत्येक चित्र मूळ फोल्डरमधूनच उचलतो. फोल्डर वनड्राइव्हवर असेल आणि फाइली फक्त ऑनलाइन असतील (नावाशेजारी ढगाची खूण दिसते), तर नेट नसताना चित्र येत नाही. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. त्याहून बरं म्हणजे वॉलपेपरसाठी सी ड्राइव्हवर एक कायमचा फोल्डर ठेवा आणि तो पुन्हा हलवू नका.

लॅपटॉप बॅटरीवर गेला की स्लाइडशो थांबतो, ही तक्रार उन्हाळ्यात भारनियमन वाढलं की वाढते. तो बिघाड नाही, वीज वाचवण्याची सोय आहे. बॅकग्राउंडच्या पानावर स्लाइडशो निवडल्यावर खाली ‘बॅटरीवर असतानाही स्लाइडशो चालू द्या’ या अर्थाचं बटण असतं. ते चालू करूनही फरक पडला नाही तर कंट्रोल पॅनल → पॉवर ऑप्शन्स → चेंज प्लॅन सेटिंग्ज → ॲडव्हान्स्ड इथे ‘डेस्कटॉप बॅकग्राउंड सेटिंग्ज’ उघडा. त्याखालच्या स्लाइड शोला ‘पॉज्ड’ असेल तर ‘अव्हेलेबल’ करा.

जुन्या विंडोज ७ वर कुणी अजून काम करत असेल तर त्यांच्यासाठी एक खास कारण आहे. १४ जानेवारी २०२० च्या शेवटच्या मोफत अपडेटनंतर (केबी४५३४३१०) वॉलपेपर ‘स्ट्रेच’वर (चित्र ताणून बसवण्याच्या पर्यायावर) असेल तर काळा दिसू लागला. केबी४५३९६०२ या दुरुस्तीने तो प्रश्न सुटतो. ती टाकायची नसेल तर स्ट्रेच सोडून ‘फिल’ किंवा ‘फिट’ निवडा.

विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं नसेल तर पर्सनलायझेशनचे पर्याय करडे होऊन बंद असतात. त्यावर आडवाटेचे उपाय शोधत बसू नये. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर काय लिहिलंय ते पाहून मूळ प्रश्न सोडवा.

धूसर किंवा ठिपक्यांचा वॉलपेपर

जेपेग फोटो वॉलपेपर म्हणून लावला की विंडोज तो पुन्हा एकदा जेपेगमध्येच दाबतं, आणि दर्जा ठेवतं ८५. शंभरपैकी ८५ ऐकायला बरं वाटतं. पण जो फोटो आधीच मोबाईलने एकदा दाबलाय, मग एखाद्या ॲपने दुसऱ्यांदा दाबलाय, त्याच्यावर ही तिसरी मात्रा पडते. निळं आकाश, धुक्यातली दरी, काळ्या पार्श्वभूमीवरची समई अशा हळूहळू बदलणाऱ्या छटांच्या जागी पट्टे उमटतात.

हा आकडा वाढवता येतो. रन खिडकीतून ‘रेजएडिट’ उघडा. विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, त्यात दिसते. एचकी करंट युजर → कंट्रोल पॅनल → डेस्कटॉप इथे जा आणि काही बदलण्याआधी फाइल → एक्स्पोर्टने त्या भागाचा बॅकअप घ्या. उजवीकडच्या मोकळ्या जागेत राइट-क्लिक → न्यू → डीवर्ड (३२-बिट). नाव द्यायचं ‘जेपीईजीइम्पोर्टक्वालिटी’. हे इंग्रजी अक्षरांत आणि सलग लिहा, मध्ये एकही जागा सोडू नका. त्यावर डबल-क्लिक करून आधी ‘डेसिमल’ निवडा आणि मग १०० लिहा. तिथे मुळात हेक्साडेसिमल निवडलेलं असतं. तसंच ठेवून १०० लिहिलं तर त्याचा अर्थ २५६ होतो, आणि चालणारे आकडे ६० ते १०० एवढेच आहेत. ‘सगळं केलं पण फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच चुकलेलं असतं. साइन आउट करून परत आत या आणि वॉलपेपर नव्याने लावा. जुनी प्रत ८५ वरच बनलेली आहे, ती आपोआप सुधारत नाही. मग ट्रान्सकोडेडवॉलपेपरचा आकार पाहा. तो आधीपेक्षा ठळकपणे वाढला असेल तर काम झालं.

रजिस्ट्रीत जायचं नसेल तर चित्र पीएनजीमध्ये सेव्ह करून लावा. ही दाबणूक बहुतेक वेळा टळते. खात्री करायची तर तीच: प्रतीचा आकार पाहा.

पण मूळ फोटोच लहान असेल तर रजिस्ट्री काही करू शकत नाही, आणि आपल्याकडे फोटो लहान होण्याची मुख्य जागा व्हॉट्सॲप आहे. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र साध्या दर्जात लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर येतं. १९२० रुंदीच्या स्क्रीनवर ते ताणलं जातं. ३८४० च्या स्क्रीनवर तर २.४ पट. हे मऊ दिसणारच. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण तोही मूळ फाइल देत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर अटॅच करताना ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवायला सांगा. सुंदर फोटोचा असा चोथा झालेला पाहून खरोखर वाईट वाटतं, कारण पाठवणाऱ्याला फक्त एक वेगळं बटण दाबायचं असतं.

स्क्रीनचं खरं माप सेटिंग्ज → सिस्टिम → डिस्प्लेमध्ये ‘रिझोल्युशन’खाली दिसतं. तिथेच १२५ किंवा १५० टक्के स्केल लिहिलेलं असतं. वॉलपेपरसाठी त्याचा विचार करू नका. चित्र पूर्ण रिझोल्युशनच्या मापाचंच हवं.

मापाइतकंच प्रमाणही महत्त्वाचं. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि बहुतेक स्क्रीन १६:९. म्हणजे ४०००×३००० चा आडवा फोटो ‘फिल’वर लावला की ४००० रुंदीला २२५० उंचीच मावते आणि उरलेल्या ७५० ओळी कापल्या जातात. गणपतीचा मुकुट, बालेकिल्ल्याचा माथा, ग्रुप फोटोतली मागची रांग या नेमक्या त्यातच जातात. उभा फोटो असेल तर निम्म्याहून जास्त भाग उडतो. ‘फिट’वर सगळं दिसतं पण बाजूला पट्ट्या येतात, आणि ‘स्ट्रेच’वर माणसं जाडी होतात. काय कापायचं हे विंडोजवर सोपवू नका. फोटोज ॲपमध्ये क्रॉप उघडून प्रमाण १६:९ निवडा, चौकट स्वतः हलवून हवा तो भाग घ्या आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा. लॅपटॉप १६:१० चा असेल (१९२०×१२००, २५६०×१६००) तर त्याच प्रमाणात कापा.

अक्षरं असलेल्या वॉलपेपरना, म्हणजे सुलेखन, ओव्या-अभंग, दिनदर्शिका यांना आणखी दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे लाल-भगव्या अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. जेपेग उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं, पण रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर साठवतं. त्यामुळे काळ्यावर भगवं अक्षर असेल तर रंग कडेबाहेर ओघळतो. काना-मात्रा-वेलांट्यांच्या बारीक रेघांवर हे पटकन डोळ्यांत भरतं. असं चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पीएनजीतच ठेवा. एकदा जेपेग केलेलं मागाहून पीएनजी केलं तर गेलेलं परत येत नाही. दुसरी अडचण जागेची. विंडोज ११ चा टास्कबार १०० टक्के स्केलवर ४८ पिक्सेल उंच असतो, १५० टक्क्यांवर ७२. डावीकडे आयकॉनची रांग असते. म्हणून मजकूर खालून किमान १०० पिक्सेल वर आणि शक्यतो उजव्या बाजूला ठेवावा.

रंगच भलते दिसत असतील तर चित्राचं रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंग कुठल्या पद्धतीने साठवलेत ते, तपासा. फ्लेक्स किंवा पत्रिका छापणाऱ्याकडून आलेलं चित्र सीएमवायकेमध्ये असतं, ते छपाईसाठी असतं. कॅमेऱ्यातला ॲडोबी आरजीबी फोटो डेस्कटॉपवर फिका पडू शकतो. गिंप किंवा फोटोशॉपमध्ये एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून घ्या. आयफोनचे एचईआयसी फोटो थेट लावण्याच्या भानगडीत न पडता आधी जेपेग किंवा पीएनजी करून घ्यावेत.

दोन मॉनिटरवर एकच चित्र पसरवायचं तर ‘स्पॅन’ निवडतात, पण चित्राची रुंदी दोन्ही मिळून हवी: दोन १९२०×१०८० साठी ३८४०×१०८०. एक मॉनिटर १९२०×१०८० आणि शेजारी लॅपटॉप १३६६×७६८ असेल तर एकूण चौकट ३२८६×१०८० ची होते आणि लहान स्क्रीनला त्यातला काही भागच मिळतो. मापं अशी विजोड असतील तर स्पॅनचा नाद सोडा. बॅकग्राउंडच्या पानावर अलीकडच्या चित्रांपैकी एकावर राइट-क्लिक करा, ‘सेट फॉर मॉनिटर १’ किंवा ‘२’ निवडा.

आपोआप बदलणारा वॉलपेपर

विंडोज ११ मध्ये पहिला आरोपी ‘विंडोज स्पॉटलाइट’. डेस्कटॉपवर ‘लर्न अबाउट धिस पिक्चर’ असं चिन्ह दिसत असेल तर दुसरीकडे शोधायचं कारणच नाही. पर्सनलायझेशन → बॅकग्राउंडमध्ये स्पॉटलाइटऐवजी ‘पिक्चर’ निवडा. चिन्हही जाईल.

मग टास्क मॅनेजरमधली स्टार्टअप यादी पाहा. बिंग वॉलपेपर, लाइव्हली, वॉलपेपर इंजिन किंवा लॅपटॉप कंपनीने भरून दिलेलं एखादं सॉफ्टवेअर तिथे असेल तर ते रोज किंवा प्रत्येक लॉगिनला आपलं चित्र लावतं. अशी दोन सॉफ्टवेअरं एकत्र असली की ती एकमेकांवर चित्रं चढवत बसतात. एकच ठेवा.

घरातल्या दोन कॉम्प्युटरवर एकच मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल आणि एकावर वॉलपेपर बदलला की दुसऱ्यावरही बदलत असेल, तर विंडोज १० मध्ये सेटिंग्ज → अकाउंट्स → सिंक युअर सेटिंग्जमधलं ‘थीम’ बंद करा. दोन्ही कॉम्प्युटरवर करा.

‘काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ अशा अर्थाची लाल ओळ दिसत असेल आणि लॅपटॉप नोकरीचा असेल, तर विषय संपला. तो वॉलपेपर आयटी विभागाने ठरवलेला आहे आणि बदल त्यांच्याकडूनच व्हायला हवा. मात्र हीच ओळ स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवरही दिसते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे पुष्कळ सेकंडहँड लॅपटॉप मूळचे कंपन्यांचे असतात आणि जुन्या व्यवस्थेचे अवशेष त्यांत राहून जातात. आधी सेटिंग्ज → अकाउंट्स → ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’मध्ये कुठलं अनोळखी अकाउंट जोडलेलं आहे का ते बघा. नसेल तर रजिस्ट्रीत एचकी लोकल मशीन → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंटव्हर्जन → ‘पर्सनलायझेशनसीएसपी’ ही चावी असते का पाहा. त्यात ‘डेस्कटॉपइमेजपाथ’ अशा नोंदी असतील तर वॉलपेपर तिथून लादला जातोय. बॅकअप घेऊन ती चावी काढता येते. पण असा लॅपटॉप हाती आल्यावर विंडोज कोरं टाकून घेणं हाच आमचा सल्ला आहे. वॉलपेपर हे फक्त वर दिसणारं लक्षण. खाली आणखी काय उरलंय ते सांगता येत नाही. कोरं टाकल्यावरही सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. विक्रेत्याला परत करा.

थीम पाठवली, चित्रं पोचली नाहीत

तीन प्रकारच्या फाइली असतात आणि सगळा घोळ त्यांच्यातच होतो. ‘.थीम’ ही साधी मजकुराची फाइल आहे. ‘.थीमपॅक’ आणि ‘.डेस्कथीमपॅक’ या चित्रांसकट बांधलेल्या कॅब प्रकारच्या पेट्या आहेत. थीमपॅक विंडोज ७ पासून चालतो, डेस्कथीमपॅक विंडोज ८ पासून. म्हणून विंडोज ७ वाल्याकडे दुसरी फाइल उघडत नाही.

‘.थीम’ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत असं काही दिसतं (तिथे ते इंग्रजी अक्षरांत असतं, इथे वाचायच्या सोयीने देवनागरीत दिलंय):

[कंट्रोल पॅनल\डेस्कटॉप]
वॉलपेपर=सी:\युजर्स\अमोल\पिक्चर्स\राजगड.जेपीजी
टाइलवॉलपेपर=०
वॉलपेपरस्टाइल=१०

चित्र कुठेच नाही, नुसता पत्ता आहे. आणि तोही अमोलच्या कॉम्प्युटरवरचा. ही फाइल मिळालेल्याकडे तसा फोल्डर नसतो, म्हणून रंग लागतात आणि पार्श्वभूमी काळी राहते. वॉलपेपरस्टाइलचा १० म्हणजे फिल, ६ म्हणजे फिट, २ म्हणजे स्ट्रेच, २२ म्हणजे स्पॅन.

बरोबर पद्धत अशी. चित्रं, रंग, आवाज लावून घ्या. सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → थीम्समध्ये ‘सेव्ह’ दाबून नाव द्या. आता खालच्या यादीत त्याच थीमवर राइट-क्लिक करून शेअरिंगसाठी सेव्ह करण्याचा पर्याय निवडा. तो फक्त सध्या लावलेल्या थीमवर दिसतो. दुसऱ्या थीमवर राइट-क्लिक केलं तर डिलीटच मिळेल. तयार होणारी फाइल डेस्कथीमपॅक असते, तीच पाठवा. ती इतर फाइलींसारखी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते. जीमेलने पाठवायची तर २५ एमबीची मर्यादा लक्षात ठेवा. मोबाईलच्या मूळ मापातले वीस फोटो प्रत्येकी ८ एमबी धरले तरी १६० एमबी होतात. आधी सगळे ३८४०×२१६० किंवा १९२०×१०८० वर आणा.

पॅकमध्ये काय जात नाही तेही आधीच समोरच्याला सांगा: फॉन्ट, डेस्कटॉपवरच्या आयकॉनची मांडणी, टास्कबारमधले बदल, हलते वॉलपेपर आणि बाहेरून बसवलेली खिडक्यांची नक्षी. बाहेरचे कर्सर किंवा आवाज वापरले असतील तर पॅक दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून तपासा आणि मगच गटात टाका.

फाइलींची नावं देवनागरीत असतील तर एक वेगळीच अडचण येते. थीमची मजकूर फाइल विंडोज जुन्या आयएनआय पद्धतीने वाचतं. अक्षरं साठवण्याच्या सांकेतिक पद्धतींपैकी त्याला जुनं आन्सी किंवा यूटीएफ-१६ समजतं, यूटीएफ-८ समजत नाही. आन्सीमध्ये देवनागरीला जागाच नाही, तिथे प्रश्नचिन्हं होतात. आणि विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल मुळात यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. म्हणून हाताने थीम लिहिली, चित्राचं नाव ‘राजगड-सूर्योदय’ असं मराठीत ठेवलं, की पत्ता जुळत नाही आणि काळा पडदा येतो. चित्रांची आणि फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत द्या. मराठी हवंच असेल तर नोटपॅडच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-१६ एलई’ निवडा.

शाळेच्या किंवा क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पंचवीस मशीनवर एकच थीम हवी असेल तर चित्रं प्रत्येक मशीनवर सी ड्राइव्ह → युजर्स → पब्लिक → पिक्चर्समध्ये (हा फोल्डर ‘पब्लिक पिक्चर्स’ असा दिसतो, पण पत्त्यात नुसतं ‘पिक्चर्स’ लिहायचं) सारख्याच नावाने ठेवा आणि थीमच्या फाइलीत तोच पत्ता लिहा. तिथे कुणा एका युजरचं नाव मध्ये येत नाही, त्यामुळे एकच ‘.थीम’ सगळीकडे लागते.

मिळालेला पॅक उघडत नसेल, किंवा त्यातलं एकच चित्र हवं असेल, तर ७-झिपने तो उघडा. आत ‘डेस्कटॉपबॅकग्राउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रं मिळतात. विंडोज ७ वाल्यांनाही हाच मार्ग.

पाठवण्याआधी आणखी एक काम कराच. मोबाईलच्या फोटोत कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. फाइलवर राइट-क्लिक → प्रॉपर्टीज → डिटेल्स → ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ने ते पुसता येतात. घराच्या अंगणातला फोटो शंभर जणांच्या गटात जाणार असेल तर हे टाळू नका. फोटो दुसऱ्याचा असेल तर त्याची परवानगी घ्या आणि पॅकसोबत छायाचित्रकाराचं नाव लिहिलेली एक छोटी मजकूर फाइल द्या.

उबुंटू आणि इतर लिनक्सवर

उबुंटूचा डेस्कटॉप ज्यावर चालतो त्या ग्नोमच्या ४२ या आवृत्तीपासून (मार्च २०२२) उजळ आणि गडद रूपासाठी वॉलपेपरचे दोन वेगळे पत्ते ठेवले जातात. उबुंटू २२.०४ मध्ये हेच आलं. एखाद्या जुन्या स्क्रिप्टने किंवा ॲपने फक्त पहिला पत्ता बदलला आणि तुम्ही डार्क मोडमध्ये असाल, तर स्क्रीनवर काहीच बदलत नाही आणि स्क्रिप्ट तर ‘झालं’ म्हणते. ‘पिक्चर-यूआरआय’सोबत ‘पिक्चर-यूआरआय-डार्क’ ही चावीही बदलावी लागते. केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपवर (त्याचं नाव प्लाझ्मा) प्लाझ्मा ५ साठी बनवलेली ग्लोबल थीम प्लाझ्मा ६ वर नीट बसेलच असं नाही. थीम कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते तिच्या पानावर वाचून घ्या.

दुसऱ्याची थीम उघडण्याआधी

थीम म्हणजे नुसती चित्रं असं समजून लोक कुठलीही फाइल डबल-क्लिक करतात. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या एका ग्लोबल थीमने वापरणाऱ्याच्या फाइलीच पुसून टाकल्या, कारण अशा थीमच्या आत चालणारा कोड असू शकतो. विंडोजमध्येही सप्टेंबर २०२३ मध्ये ‘थीमब्लीड’ नावाने ओळखलं गेलेलं भगदाड बुजवावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये दुसरं: थीमच्या फाइलीत चित्राचा पत्ता म्हणून दूरच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला असेल, तर विंडोज ते चित्र आणायला जाताना लॉगिनची गुप्त माहिती त्या सर्व्हरला देऊन बसत होतं. म्हणून अपडेट चालू ठेवा आणि अनोळखी ‘.थीम’ फाइल डबल-क्लिक न करता आधी नोटपॅडमध्ये उघडा. ‘वॉलपेपर=’ किंवा ‘ब्रँडइमेज=’ या ओळीत ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर ती फाइल डिलीट करा आणि रीसायकल बिनही रिकामी करा. थीमच्या नावाखाली ईएक्सई किंवा एससीआर फाइल आली असेल तर तेवढंही पाहायची गरज नाही. एससीआर हा स्क्रीनसेव्हर दिसला तरी तो चालणारा प्रोग्रामच असतो.

खिडक्यांची नक्षी बदलणाऱ्या ‘एमएसस्टाइल्स’ फाइलींबद्दलही हेच धोरण ठेवा. विंडोज मुळात मायक्रोसॉफ्टची सही असलेल्याच फाइली स्वीकारतं. बाहेरच्या चालवायच्या तर सिस्टिमला पॅच मारावा लागतो, आणि मोठ्या अपडेटनंतर तो पॅच किंवा ती नक्षी मोडते. कधी लॉगिननंतर नुसती रिकामी स्क्रीन येते. करायचंच असेल तर आधी रिस्टोअर पॉइंट बनवा, थीम तुमच्याच बिल्डसाठी आहे का ते पाहा (रन खिडकीत ‘विनव्हर’ टाइप केलं की बिल्डचा आकडा दिसतो), आणि मोठा अपडेट टाकण्याच्या आदल्या दिवशी विंडोजची मूळ थीम परत लावून ठेवा.